आप्पा मातीला आले होते

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी दुकानात झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होतो. गावागावांत सलोखा राखण्यात पत्रकाराची भूमिका काय असते, यावर तुमच्या अनुभवातलं काही लिहा, असं ते म्हणाले. मला फार बरं वाटलं. उभा जन्म गंगाखेड तालुक्याच्या बातम्या देण्यात गेला, चला, कुणाला तरी आठवण झाली. मी हो म्हणायला तोंड उघडलं तोच ते पुढे म्हणाले, "खरं तर आधी माणिकरावांना विचारलं होतं. ते म्हणाले, वसंताला सांगा, त्याला लिहायची लय हौस हाय."

त्या दिवशी मी दुपारचं जेवलो नाही. बायकोने विचारलं तर पोटात दुखतंय म्हणालो. ती म्हणाली, "माणिकभाऊंचं काही चांगलं झालं का?" आमच्या घरात माझ्या पोटदुखीचं कारण शोधायला डॉक्टर लागत नाही.

तेव्हा वाचकांना आधीच सांगून ठेवतो. लेख सलोख्यावर आहे, पण लिहिणाऱ्याच्या मनात सलोखा नाही. माणिकचं नाव काढल्याशिवाय मला या विषयावर एक ओळ लिहिता येणार नाही, आणि त्याचं नाव काढलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. तरी लिहितो, कारण हौस आहे.

माणिक आणि मी एकाच सुमारास या धंद्यात आलो. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, तो बारावीला दोनदा बसून थांबला. मला एका मोठ्या दैनिकाचं तालुका प्रतिनिधीपद मिळालं, त्याला परभणीहून निघणाऱ्या एका छोट्या पेपरचं. तालुका प्रतिनिधी म्हटलं की बाहेरच्या लोकांना पगार, ऑफिस, गाडी असं काहीतरी वाटतं. तसं काही नसतं. जाहिराती आणायच्या, त्यावर कमिशन मिळवायचं, आणि बातम्या द्यायच्या त्या हौसेने. पोटासाठी प्रत्येकाचा दुसरा काहीतरी उद्योग असतो. माझं बसस्टँडजवळ स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान. आमच्या पेपरचं कार्यालय म्हणजे त्यातली एक खुर्ची. माणिक पेपरचे गठ्ठे मोपेडवर टाकून गावोगाव स्वतःच वाटत फिरे. बातमी लिहिणारा तोच, विकणारा तोच, आणि हॉटेलात बसून ती मोठ्याने वाचून दाखवणाराही तोच.

त्याच्या बातम्या वाचून माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी प्रत्येक नाव दोनदा विचारून घ्यायचो, घटना घडली तिथे स्वतः जायचो, दोन्ही बाजू ऐकायचो. माणिकने जुन्या बातम्या मोबाइलात साठवून ठेवलेल्या असत. कुणी वारलं की मागच्या मयताची बातमी काढायची, नाव बदलायचं, पाठवायची. एकदा एका ब्रह्मचारी महाराजांच्या पश्चात त्याने तीन मुलं, दोन सुना आणि नातवंडं ठेवली. दुसरा कुणी असता तर मठातल्या लोकांनी त्याला तुडवला असता. माणिकला त्यांनी बोलावून भंडाऱ्याचं जेवण घातलं आणि महाराज असते तर तेही हसले असते, म्हणाले. माझ्या बातमीत एकदा एका सरपंचाचं आडनाव चुकलं, ते पण डेस्कवरच्या पोराने चुकवलेलं, तर तो माणूस कितीतरी दिवस माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. आता सांगा, पोटात दुखेल का नाही?

आमच्या धंद्यात भांडणाच्या बातमीचा एक नियम आहे. दोन समाजांत काही झालं की समाजाचं नाव लिहायचं नाही, 'दोन गटांत हाणामारी' असं लिहायचं. वाचणाऱ्याला कोणते दोन गट ते बरोबर कळतं. पण नाव छापलेलं नसलं की शेजारच्या गावातला माणूस ते लगेच स्वतःच्या अंगावर घेत नाही, निदान सकाळचा चहा संपेपर्यंत तरी. शांततेसाठी पत्रकाराने करायचं ते एवढंच, असं मला वाटायचं: नीट बघावं, खरं लिहावं, भडक लिहू नये. हे मी आयुष्यभर पाळलं. आणि दरवेळी माणिक माझ्या पुढे निघून गेला.

एका सणाच्या मिरवणुकीच्या दिवशी दोन मोटारसायकली धडकल्या. दोन पोरं पडली, एक या गटाचं, एक त्या गटाचं. कोणते गट, ते अजूनही लिहीत नाही, सवय. पाहता पाहता मोबाइलवर दोघंही मेले होते. बाजारातली शटरं खाली यायला लागली. मी पोलिस ठाण्यात जाऊन साहेबांच्या अधिकृत दुजोऱ्याची वाट बघत बसलो. तेच बरोबर होतं. आजही बरोबरच म्हणतो. माणिक सरळ सरकारी दवाखान्यात घुसला. दोघं शेजारच्या खाटांवर, एकाच्या हाताला प्लास्टर, दुसऱ्याच्या कपाळाला पट्टी, आणि दोघं एकाच पुड्यातली बिस्किटं खातायत. त्याने फोटो काढला, खाली लिहिलं, 'दोघंबी जित्ते हायत. घरी जा.' आणि होते नव्हते त्या सगळ्या ग्रुपवर टाकला. साहेबांचा दुजोरा माझ्या हातात आला तेव्हा शटरं परत वर गेली होती.

संध्याकाळी माझ्या संपादकांनी फोन करून विचारलं, "तणावाची बातमी येणार होती, तिचं काय झालं?" काय सांगणार, तणावच राहिला नव्हता. न झालेल्या दंगलीला आमच्याकडे कॉलम मिळत नाही. माणिकलाही मिळाला नाही, एवढंच समाधान. मात्र पुढच्या शांतता समितीच्या बैठकीत साहेबांनी त्याला आपल्या शेजारची खुर्ची दिली. सणासुदीच्या आधी ठाण्यात दोन्हीकडच्या प्रतिष्ठितांना बोलावून चहा पाजतात, ती ही बैठक. मी मागच्या रांगेत, होमगार्डच्या बाजूला. मागच्या रांगेपर्यंत येता येता चहा गार होतो, आणि बिस्किटं तर पोचतच नाहीत.

आता या धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बातमीच्या शेवटी 'उपस्थित होते' म्हणून नावं असतात. खेड्यातला माणूस बातमी त्या टोकाकडून वाचायला घेतो. तालुक्याचं पान छापायला लवकर जातं आणि कार्यक्रम उशिरा होतात, म्हणून कित्येक वार्ताहर निमंत्रणपत्रिका समोर ठेवून बातमी आधीच पाठवून देतात. पत्रिकेत ज्यांचं नाव, ते सगळे उपस्थित. गाडी बंद पडून वाटेतच राहिलेल्या पाहुण्यांनी 'मोलाचे मार्गदर्शन केले' असं मी छापून आलेलं वाचलंय. मी स्वतः असं कधी केलं नाही. माझ्या बातमीतला उपस्थित माणूस खरोखर उपस्थित असे. माणिककडे माणसं होती, माझ्याकडे हे होतं.

मयतीच्या बातमीतही अशी नावं येतात, आणि तिथे त्यांचं वजन वेगळं असतं. आमच्याकडे मातीला जाणं, म्हणजे अंत्यसंस्काराला जाणं, ही साधी गोष्ट नाही. लग्नाला नाही गेलं तर माणूस रुसतो, त्याची समजूत काढता येते. मातीला नाही गेलं की संबंध संपला. कितीही वैर असो, जायचं, मागे उभं राहायचं, कुणाशी न बोलता परत यायचं. त्याने वैर मिटत नाही, पण पुन्हा बोलायला तोंड राहतं.

राणीसावरगावच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथले निवृत्ती आप्पा म्हणजे मोठे शेतकरी, गावात शब्दाला मान असलेले. आणि सटवाजी म्हणजे मेंढपाळ. दर उन्हाळ्यात सटवाजीचा कळप आप्पांच्या रानात बसायचा. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, पीक निघालेल्या मोकळ्या शेतात मेंढरं मुक्कामाला बसवतात. लेंड्यांनी जमीन कसदार होते, आणि शेतकरी त्या बदल्यात मेंढपाळाला ज्वारी देतो. बाकीच्यांचं माप ठरवताना हुज्जत व्हायची. या दोघांत मापाची बोलणी कधी झालीच नाहीत, असं गावातले लोक सांगत. आप्पा पोतं उघडून द्यायचे आणि सटवाजी पाहिजे तेवढी घ्यायचा.

एका हिवाळ्यात सटवाजीची मेंढरं आप्पांच्या उभ्या हरभऱ्यात शिरली. सटवाजी तापाने घरी पडून होता, राखणीला त्याचा मुलगा मारोती होता. आप्पांचा पुतण्या धावून आला. काठ्या चालल्या. मारोतीचा हात मोडला, पुतण्याचं डोकं फुटलं, दोन्हीकडून ठाण्यात तक्रारी झाल्या. मी बातमी दिली, 'दोन गटांत हाणामारी'. पुढे शेतकऱ्यांनी बसून ठरवलं, या लोकांची मेंढरं कुणीच रानात येऊ द्यायची नाहीत. मेंढपाळांच्या बायका-पोरींनीही शेतकऱ्यांच्या शेतावर खुरपायला जायचं बंद केलं. दोन उन्हाळे असे गेले. मेंढरांना बसायला रान राहिलं नाही, चरायला डोंगर पुरेना. मारोतीने ठरवलं, कळप विकायचा, गाव सोडायचं आणि पुण्याला बांधकामावर जायचं. त्याची आई गयाबाई म्हणाली, "म्हाताऱ्याचे दिस भरल्याबिगर मी कुटंबी येत न्हाई."

आणि सटवाजी वारला.

मी मातीला गेलो. गावात पोलिस होते. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं, आप्पा येतात का. आप्पा आले तर काहीतरी जोडायला जागा राहील, नाही आले तर मारोती दिवस उरकून गाडी भरणार, हे गावात लहान पोरालाही कळत होतं. मी शेवटपर्यंत थांबलो, चारी बाजूंनी गर्दीचे फोटो काढले. आप्पा आले नाहीत. त्यांच्या आळीतलं एक माणूस आलं नाही. मी परत येऊन लिहिलं, 'तणावपूर्ण शांततेत अंत्यसंस्कार', आणि शेवटचं वाक्य, 'गावातील दुसऱ्या गटातील कोणीही उपस्थित नव्हते.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

माणिक त्या दिवशी पाथरीला सासुरवाडीला होता. परतीच्या जीपची वाट बघता बघता त्याला कुणीतरी फोनवर सांगितलं, सटवाजी गेला. त्याने त्या गावातली मागच्या मयताची बातमी काढली, नाव बदललं आणि पाठवून दिली. मागच्या मयतीला आप्पा होते. त्या गावात कुणीही गेलं तरी सरपंचाच्या मागे आप्पांचं नाव ठरलेलंच असे, त्यामुळे ते बघावं असंही त्याला वाटलं नाही. सकाळी त्याच्या पेपरात आलं, 'अंत्यसंस्काराला सरपंच, निवृत्ती आप्पा यांच्यासह पंचक्रोशीतील नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते.'

मी ते वाचलं आणि मला आनंद झाला. कशाला लपवू? उकळ्या फुटल्या. महाराजांच्या सुनांवर लोक हसले होते, पण ही माती होती, आणि तीही वैराच्या गावातली. आता माणिक सुटत नाही. माझ्या मोबाइलात फोटो होते, त्यात सगळं गाव होतं आणि आप्पा नव्हते. बायको म्हणाली, "आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या." मी म्हणालो, हवा बदलली.

एरवी खोटी बातमी आली की ज्याच्याबद्दल आली तो माणूस खुलासा पाठवतो. मी दिवसभर आप्पांच्या खुलाशाची वाट बघितली. मग माझ्या लक्षात आलं, खुलासा येणारच नाही. काय लिहिणार होते आप्पा? 'मी मातीला गेलो नव्हतो, तरी कृपया दुरुस्ती करावी'? आमच्या भागात हे स्वतःच्या तोंडाने सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आप्पा घरात बसून राहिले.

तिकडे सटवाजीच्या घरी सुनेने सासूला माणिकचा पेपर वाचून दाखवला. मारोती भडकला. "खोटं हाय. मला कुटं दिसले न्हाईत."

गयाबाई म्हणाली, "तू बापाला खांदा द्यायलतास का मानसं मोजायलतास?"

पण भावकीतल्या पोरांनी माझा पेपर आणून मारोतीपुढे टाकला. एका पेपरात आप्पा आहेत, दुसऱ्यात नाहीत. कोणता खरा? मारोतीने मला फोन केला. "तुमी आमच्या डोळ्यादेखत हजर व्हता. तिसऱ्याला राख सावडायला समदे जमत्यात. तुमी या अन् समद्यांसमोर सांगा. माय कुणाचं ऐकंना गेलीय."

लग्नाला निघावं तसा मी निघालो. इस्त्रीचा शर्ट घातला, मोबाइल चार्ज केला. वाटेत मोटारसायकलवर मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. पत्रकाराची जबाबदारी, सत्य, वाचकांचा विश्वास असं बरंच काही त्यात होतं. खरं एकच होतं: इतकी वर्षं ज्याच्या चुका लोकांनी पोटात घातल्या, त्याची एक चूक आज लोकांसमोर उघडी पडणार होती, आणि ती उघडी पाडायला त्यांनी मलाच बोलावलं होतं.

राख सावडून झाली होती. माणसं लिंबाखाली बसली होती, बायका थोड्या बाजूला. मारोतीने मला पुढे बसवलं. त्याचा हात अजून कोपरातून सरळ होत नव्हता. मी खिशातून मोबाइल काढून हातात धरला. तो बोलायला लागणार तोच गयाबाईने त्याला हाताने थांबवलं.

"मी इचारते," ती म्हणाली. "दादा, तू व्हतास ना त्या दिवशी?"

"होतो."

"पुढंच हुबा व्हतास."

"हो, पुढेच होतो."

"म्हातारं मानूस गर्दीत पुढं येत न्हाई. मागं हुबं राहतंय, अन् मागच्या मागं जातंय. तुला दिसलं न्हाई, असं झालं असल ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे विचारणाऱ्या माणसासारखी बघत नव्हती. माझ्या हातात फोन होता, एकदा बोट फिरवलं असतं तर झालं असतं. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला माणिक दिसायला लागला, साहेबांशेजारच्या खुर्चीत, भंडाऱ्याच्या पंगतीत, हॉटेलात हसत. आणि ती म्हातारी डोळे न हलवता तशीच बघत राहिली.

"झालं असेल," मी म्हणालो. "मागे कोण होतं ते मी पाहिलं नाही."

"मंग पेपरात कामून लिवलं, कुनीच न्हवतं म्हनून?" मारोतीने विचारलं. तो चिडलेला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"घाईत लिहिलं," मी म्हणालो.

हे दोन शब्द उच्चारताना मला जेवढं लागलं तेवढं कुणाच्या शिवीनेही लागलं नसतं. घाईत लिहिलं, हे वाक्य माणिकचं. त्याच्या प्रत्येक चुकीनंतर तो ते म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी मी सगळ्यांसमोर त्याची टिंगल करायचो. माझ्या आयुष्यातली एक निर्दोष बातमी मी लिंबाखाली स्वतःच्या तोंडाने खोटी ठरवली. पोरांपैकी एक जण हळूच म्हणाला, "हे मोठे पेपरवाले असेच असत्यात." तेही मी ऐकून घेतलं.

गयाबाईने मारोतीला सांगितलं, "जा. आप्पाला म्हनावं, मातीला आलाव, आता तेरवीला जेवायलाबी या." तो उठला आणि गेला.

तेरवीला मलाही बोलावणं होतं. पंगत बसायच्या आधी आप्पा आले. बरोबर पुतण्या. लोकांनी सरकून जागा दिली. पुतण्या मारोतीच्या शेजारी बसला आणि दोघं दोन दिशांना बघत राहिले. आप्पा मात्र बसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वसंतराव, तुमचा पेपर बरुबर व्हता. मी त्या दिवशी आलो न्हवतो. घरात बसून हलगी ऐकायलतो. पाय उचलला न्हाई." मग ते स्वयंपाकाच्या मांडवाकडे गेले, गयाबाई तिथे होती, आणि मी त्यांच्या मागे गेलो, कारण बातमीदाराचे पाय थांबत नाहीत.

"वैनी, एक सांगायचंय," आप्पा म्हणाले. "त्या दिवशी मी..."

"ठावं हाय," गयाबाई म्हणाली. "मी रडता रडता वाटंकडंच बघायलते. बसा. वरण निवायलंय."

आप्पा तिथेच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी तिथून निघून आलो. माणसाने काही गोष्टींना उपस्थित राहू नये.

त्या उन्हाळ्यात मारोतीचा कळप आप्पांच्या रानात बसला. पाठोपाठ बाकीच्यांनी रानं मोकळी केली, कोर्टात तडजोड झाली, पुण्याला जायचं राहून गेलं. आता आप्पाही नाहीत आणि गयाबाईही नाही. मारोतीची मेंढरं आजही आप्पांच्या पुतण्याच्या रानात बसतात, म्हणून हे लिहायला हरकत नाही. आता एखादं जुनं खरं कळल्याने त्यांचं काही मोडणार नाही. माणिक हे वाचेल की नाही सांगता येत नाही. दिवाळी अंकात तो जाहिरातीच बघतो.

श्रेय कुणाला मिळालं, हे वेगळं सांगायला नको. माणिकच्या एका बातमीने फुटलेलं गाव जुळलं, असं तालुकाभर झालं. आमच्या पत्रकारांच्या संघटनेने त्याचा सत्कार ठरवला. आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण वसंताचं मराठी चांगलं आहे. मी लिहिलं. 'आपल्या लेखणीने मने जोडणारा' असं लिहिलं. वाचायलाही मलाच लावलं. माणिक व्यासपीठावर शाल पांघरून, मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं होतं तो फुगून जाईल. तो फुगला असता तर बरं झालं असतं, मला त्याचा तिरस्कार तरी करता आला असता. मला नुसता हेवा वाटत राहिला, आणि नुसत्या हेव्याचं माणसाला काही करता येत नाही.

त्याच्या नशिबाचा हेवा मला फारसा नाही, नशीब कुणाचंही असू शकतं. लोक त्याच्या चुकीतूनही चांगला अर्थ काढतात, याचा हेवा वाटतो. त्याने नजरचुकीने आप्पांना स्मशानात उभं केलं, आणि सगळ्या गावाला ते तिथेच उभे असायला हवे होते. मी ते नव्हते असं लिहिलं, ते खरं होतं, आणि त्या खऱ्याचं कुणाला काही करता आलं नाही. खरं लिहू नये असं मी म्हणत नाही. मी तर शेवटपर्यंत खरंच लिहिलं. पण लिंबाखाली माझं खरं मला एकट्यालाच पाहिजे होतं.

सत्कार झाल्यावर माणिकने मला बसस्टँडसमोरच्या हॉटेलात नेलं. शाल अजून खांद्यावर, तिचं लेबलही काढलेलं नव्हतं. चहा आला तरी तो पिईना. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "वसंता, एक इचारू? खरं सांग मातर. तू तिथं व्हतास. आप्पा आलते का रं मातीला? मी गेलोच न्हवतो. पाथरीहून जुनीच बातमी नाव बदलून टाकली. पेपर बघितला तवा कळलं, आप्पाचं नाव तसंच ऱ्हायलंय. तवापासून त्या गावाकडं फिरकलो न्हाई. ही शाल अंगावर घेताना असं वाटायलतं, कुनीतरी उठून म्हनंल, खोटं हाय."

इतक्या वर्षांत माणिक माझ्यासमोर असा कधी बसला नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता. फोटो अजून माझ्या फोनमध्ये होते, आणि फोन टेबलावर, त्याच्या कपाच्या शेजारी.

"आलते," मी म्हणालो. "मागे उभे होते."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की शाल घसरली. ती त्याने सावरली, बशीत चहा ओतला, एका दमात प्यायला. रंग परत आला. मग माझ्याकडे बघून हसला, आणि त्या हसण्यात एक थेंबही वाकडेपणा नव्हता.

"मंजी तुझीच बातमी चुकली व्हती की रं," तो म्हणाला. "जरा नीट बघून लिवत जा, वसंता. लोक आपल्या भरवशावर ऱ्हात्यात."

"हो," मी म्हणालो. "चुकलंच माझं."